ढ कुणी काढायचा?

पेंटरने कॉम्प्युटरची पिन उपटली आणि वर साळसूदपणे विचारलं, “काय गं, बंद पडला वाटतं?”

मुलगी काळ्या पडद्याकडे बघत राहिली. अक्षरं घडवायचं सॉफ्टवेअर ती त्यात टाकत होती. हिरवी पट्टी रांगत रांगत पार शेवटाला पोचली होती, आता झालंच म्हणून तिने पाठ टेकली, आणि बापाने हा उजेड पाडला.

“बाबा, तुम्ही पिन काढलीत.”

“मी? मी झाडत होतो इथे.”

“झाडू कुठाय?”

झाडू कोपऱ्यात उभा होता आणि लग्न झाल्यापासून पेंटरचा हात त्याला लागलेला नव्हता. पेंटरने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, डावा हात खिशात सारला आणि म्हणाला, “धूळ फुंकरीने झाडत होतो.”

आता हा माणूस तसा खोटारडा नव्हे हो. पण खोटं बोलायची सवय नसली की माणूस फार वाईट खोटं बोलतो, तसं त्याचं झालं होतं.

पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा. त्या रस्त्याने वरपासून खालपर्यंत चालत गेलात तर चपलांचं दुकान, दवाखाना, लाँड्री, सायकलवाला, सगळ्यांच्या डोक्यावर त्याचीच अक्षरं. पोटात भरलेली, कंबरेत बारीक, आणि काना असा ताठ की शेजारच्या अक्षरानेही जरा सावरून बसावं. डाव्या हाताने काढायचा म्हणून सगळे त्याला डावरा पेंटर म्हणत, आणि तो ते नाव पदवीसारखं मिरवायचा. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. गिऱ्हाईक म्हणालं, ‘अक्षर जरा मोठं करा,’ तर हा म्हणणार, ‘अक्षर बरोबर आहे, तुमचं दुकान लहान आहे.’

आणि गेल्या वर्षापासून तोच डावा हात थरथरायला लागला होता. पेंटरीणबाईंना माहीत होतं, कारण बशीत सांडलेला चहा त्याच पुसत. मुलीला माहीत होतं. पेंटरला तर माहीत होतंच. पण घरात अळीमिळी गुपचिळी. कपबशी जाऊन मोठा मग आला, तोही अर्धाच भरलेला, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. हात खिशात गेला तो गेलाच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पाट्या आता मुलगी करायची, यंत्रावर स्टिकर कापून. तिचं काम चोख होतं, पण अक्षरं कॉम्प्युटरमधली, सगळ्या जगाला मिळतात तीच. गिऱ्हाईक यायचं, बघायचं, आणि मान वाकडी करून विचारायचं, “पेंटरच्या हातचं नाही का काही?” नाही म्हटलं की बाहेरगावच्या मोठ्या कंपनीकडे जायचं, कारण हीच अक्षरं तिथे स्वस्त. गंमत अशी, की त्याच कंपनीने मुलीला नोकरीला बोलावलं होतं. तिने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, “बाबा, तुमची अक्षरं या मशीनमध्ये आली तर दुकान चालेल आणि मी इथेच राहीन. नाही आली तर महिनाअखेरीला कुलूप लावू, आणि मी चालले.”

हे ऐकल्यापासून पेंटरचा घास घशाखाली उतरत नव्हता. पोरगी जायला नको होती. ती गेली तर घर खायला उठेल, हे त्याला लख्ख कळत होतं. पण अक्षरं मशीनमध्ये घालायची म्हणजे आधी कागदावर काढायची, आणि कागदावर काढायची म्हणजे पोरीच्या देखत हात खिशातून बाहेर. म्हणून ती पिन.

दुसऱ्या दिवशी पेंटरीणबाई भाजी निवडायला म्हणून दुकानात आल्या आणि नेमक्या पिनेपाशी स्टूल टाकून बसल्या. “हं, कर गं सुरू,” त्या मुलीला म्हणाल्या. “बघू आता कोण फुंकर मारतंय.”

पडद्यावर इंग्रजीत लांबलचक अटी आल्या. मुलीने न वाचताच ‘मान्य आहे’वर बोट नेलं.

“थांब!” पेंटर ओरडला. “काय मान्य आहे? वाचलंस का? उद्या दुकान लिहून घेतील!”

“बाबा, कुणीच वाचत नाही ते.”

“म्हणूनच लिहितात.”

मग मुलीने वाचलं. सगळं वाचलं, आणि वाक्यावाक्याला मराठीत सांगितलंही. पेंटर डोळे मिटून ऐकत होता आणि मध्येच ‘परत म्हण’ म्हणत होता. अर्धी भाजी निवडून झाली. अटी संपल्या तेव्हा त्याने नाइलाजाने मान हलवली, आणि तेवढ्यात देव पावला. पडद्यावर आलं, जागा अपुरी आहे.

“अरेरे,” पेंटर म्हणाला. चेहरा मात्र उजळला होता.

जागा कशाने भरली होती म्हणाल तर पेंटरच्या फोटोंनी. रंगवलेल्या प्रत्येक पाटीखाली उभं राहून त्याने फोटो काढून घेतला होता, एकेका पाटीला दहा-दहा. मुलीने मोठ्या आशेने ते उघडले, म्हटलं अक्षरं यातूनच उचलता येतील. पण सगळीकडे पाटी मागे, पेंटर पुढे. अक्षर धड एकही दिसत नव्हतं, पेंटर मात्र पुरेपूर. रस्त्यावरच्या पाट्यांचे फोटो तिने आधीच घेऊन पाहिले होते. उन्हाने रंग उडालेला. पडद्यावर मोठे केले की नुसते पोपडे.

“हे मी पेनड्राइव्हवर काढून ठेवते,” ती म्हणाली.

“एकही पुसायचा नाही!”

“नाही पुसत हो. तुमचं तोंड जपून ठेवते.”

हिरवी पट्टी पुन्हा रांगायला लागली. पेंटर तिच्याकडे असा बघत होता, की कुणाला वाटावं ऑपरेशन थिएटरच्या दारात बसलाय. पट्टी भरली, कॉम्प्युटर बंद झाला, आपला आपण सुरू झाला, आणि पडद्यावर कोऱ्या चौकटींच्या रांगाच रांगा उघडल्या. एकेका अक्षराला एकेक खोली, आणि सगळ्या रिकाम्या.

“चला,” मुलगी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. “अ पासून सुरू करू या.”

“असं कसं?” पेंटर म्हणाला. “अक्षर कधी एकटं काढतात का? शेजारी कोण बसणार ते कळल्याशिवाय? र च्या शेजारचा स वेगळा, म च्या शेजारचा वेगळा. आणि ही खुर्ची बुटकी आहे. आणि उजेड उलट्या बाजूने येतोय.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” पेंटरीणबाई भाजीकडे बघत म्हणाल्या.

बोलून गेल्या आणि त्यांच्या लगेच लक्षात आलं. मुलीने मग कोऱ्या कागदांचा गठ्ठा बापापुढे ठेवला. “घरी काढा बाबा. निवांत, एकटे बसून. मी बघायला येणार नाही. रविवारपर्यंत द्या म्हणजे झालं.” आवाज तिने साधाच ठेवला होता, पण डोळे काही साधे नव्हते.

पेंटरने त्या दिवशी माळ्यावरच्या खोलीत दार लावून घेतलं, ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि क काढला. क ला कापरं भरलं होतं. दुसरा काढला, तो त्याहून वाईट. उजव्या हाताने डावा मनगटात धरून तिसरा काढला, तर दोन्ही हात मिळून थरथरले. पेंटरला रडू फुटलं. मोठा माणूस, पण मुसमुसून रडला, आणि कागद चुरगाळून उशीखाली लपवले, पोराने मार्कांचं कार्ड लपवावं तसे.

मग त्याने जे केलं ते त्याला जिवावर उदार झाल्याशिवाय जमलं नसतं. तो रस्ता ओलांडून समोर गेला.

समोर म्हणजे समोरचा पेंटर. त्याला दुसरं नाव या घरात नव्हतंच, ‘समोरचा’ म्हटलं की पुरे. दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. पण समोरच्याला खोड अशी, की डावऱ्याने आज एखादी वेलांटी वळवली की चार दिवसांत तशीच्या तशी समोरच्याच्या पाटीवर. उजव्या हाताने काढलेली, पण हुबेहूब. एकदा डावऱ्याचं डोकं फिरलं आणि भर रस्त्यात तो ओरडला, “अक्षरचोर!” सगळी दुकानं बाहेर येऊन बघत होती. मुलगी तेव्हा शाळेत जायची. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद होतं. रोज सकाळी समोरासमोर शटर उघडायचे आणि एकमेकांच्या डोक्यावरून पलीकडे बघायचे.

समोरचा स्टुलावर बसून ब्रश धूत होता. डावऱ्याला दारात बघून त्याचा हात थांबला.

“काय रे?” तो म्हणाला. जणू काल रात्रीच गप्पा मारून उठले होते.

पेंटरने येताना तोंडात चांगली चार वाक्यं घोळवून आणली होती. एकही बाहेर पडेना. शेवटी त्याने कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, खिशातून डावा हात काढला आणि समोरच्याच्या नाकापुढे धरला. हात थरथरत होता. समोरच्याने बराच वेळ हाताकडे बघितलं, तोंडाकडे नाही.

“किती काढायचीत?” त्याने विचारलं.

“सगळी. पोरीला मशीनमध्ये घालायचीत.”

“तुझीच?”

“मग काय तुझी?”

“माझी कुठली? मी चोर.” समोरच्याने कागद पुढे ओढला आणि ब्रशाचं टोक चिमटीत सारखं केलं. “चोरली होती, खरंय. घे परत.”

आणि काढायला लागला. पेंटर शेजारी उभा राहून ‘पोट जरा भर’, ‘काना ताठ ठेव’ असं म्हणत उंटावरून शेळ्या हाकत होता. समोरच्याने न बघताच विचारलं, “तू काढतोस?” मग पेंटर नुसता बघायला लागला. त्याचाच अ. त्याचाच म, कमरेत बारीक. हात धड होता त्या दिवसांतला, ऐन भरातला ळ. आपण असे काढायचो, हे तो स्वतःच विसरून गेला होता, आणि या चोराने ते सगळं नीट सांभाळून ठेवलं होतं.

“हरामखोरा,” पेंटर नाक ओढत म्हणाला.

“पाणी पी,” समोरचा म्हणाला.

कागद संपत आले तेव्हा पेंटरने मोजदाद केली. “ङ आणि ञ राहू देत, त्यांना कुत्रं विचारत नाही. पण ढ राहिला.”

“ढ मला येत नाही.”

“येत नाही म्हणजे?”

“तुझ्या एकाही पाटीवर मी ढ बघितला नाही. दुकानाच्या नावात कोण ढ घालतं? आणि दारावरच्या ‘ढकला’च्या पट्ट्या तर तयार मिळतात.”

“मग घाल की तुझ्या मनाने.”

समोरच्याने ब्रश खाली ठेवला. “माझ्या मनाचं अक्षर कधी झालंच नाही रे,” तो म्हणाला. “तुझंच बघत बसलो.”

पेंटरने कागद गोळा केले आणि निघाला. एका ढ वाचून कुणाचं काय अडतंय, असं त्याने रस्ता ओलांडताना स्वतःला समजावलं.

रविवारी पेंटर छाती काढून दुकानात आला आणि गठ्ठा टेबलावर आदळला. “घे. झोपेत काढली.”

मुलीने वरचा कागद उचलला आणि तिच्या तोंडून “बाबा!” एवढंच निघालं. पेंटरीणबाईंनी कागदाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे, आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. ही धोक्याची खूण होती, पण पेंटर आपल्याच ऐटीत होता.

मुलीने कागद स्कॅन केले. म नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि कडा गिरवायला म्हणून मोठा केला, आणखी मोठा केला, एवढा की अख्ख्या पडद्यावर फक्त म च्या डोक्यावरची रेघ उरली. तिचा हात माऊसवरच थांबला. तिने स उघडला. मग त. मग ळ. प्रत्येकाची रेघ तिने ताणून मोठी करून पाहिली.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही रेघ कुठून कुठे ओढता?”

“उजवीकडून डावीकडे. डावरा ना मी. जगाला माहीत आहे.”

“मग रंग उजव्या टोकाला दाट हवा आणि डाव्या टोकाला ब्रश सुकलेला. इथे सगळीकडे उलटं आहे.”

पेंटरने पडद्याकडे बघितलं. रेघेच्या उजव्या टोकाला ब्रशाचे सुकलेले केस न् केस दिसत होते, बोटाएवढे जाड. कागदावर हे कुणाच्या बापाला दिसलं नसतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसा तो एकदम बोलून गेला, “मी समोर गेलोच नव्हतो.”

“समोर?” मुलगी म्हणाली.

पेंटरीणबाईंनी तोंडाला पदर लावला.

आता लपवायला काही उरलं नव्हतं. पेंटर स्टुलावर बसला, त्याने हात खिशातून काढून मांडीवर ठेवला, आणि तो थरथरू दिला. “हात गेला गं माझा,” तो म्हणाला. “वर्ष झालं. तुला कळलं तर तू म्हणशील, आता इथे काय उरलंय, आणि निघून जाशील. मला भीती वाटत होती. अजून वाटते.”

मुलीने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “मला कधीच कळलं होतं बाबा. अर्धा मग कोण भरतं, असं वाटतं तुम्हाला?” ती रडत होती आणि हसत होती. मग तिने डोळे पुसले आणि दारात जाऊन हाक मारली, “काका! या इकडे!”

समोरचा आपल्या शटरआडून डोकावतच होता. एवढी वर्षं ज्या दुकानाकडे सरळ बघितलं नाही, तिथे तो चप्पल बाहेर काढून आत आला. मुलीने विचारलं, “आता ही अक्षरं कुणाची म्हणायची? तुमची की बाबांची?”

“त्याची,” समोरचा म्हणाला.

“माझी,” पेंटर त्याच क्षणी म्हणाला, आणि मग जरा ओशाळून, “पण हात याचा.”

दुपारपर्यंत मुलगी कडा गिरवत होती, आणि दोघे म्हातारे तिच्या दोन खांद्यांमागे उभे राहून तिला सळो की पळो करत होते. एक म्हणाला हा बिंदू वर घे, दुसरा म्हणाला खाली. पेंटरीणबाईंनी दोघांनाही चहा देऊन मागे बसवलं. एकेक चौकट भरत गेली. शेवटी मुलगी म्हणाली, “ढ कुठाय?”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“ढ नसला तर चालणार नाही का?” पेंटरने विचारलं.

“वाढदिवस कसा लिहू? पुढे, गाढव, ओढ? ढ शिवाय नाही जमायचं बाबा.”

“मला येत नाही,” समोरच्याने हात वर केले.

मग सगळे पेंटरकडे बघायला लागले. त्याने अंगणाची, खुर्चीची, उजेडाची कसलीच तक्रार केली नाही. कागद ओढला, डाव्या हातात ब्रश घेतला, आणि बायको, पोरगी आणि जन्माचा वैरी बघत असताना ढ काढला. हात थरथरला, तो थरथरू दिला. रेघ उजवीकडून डावीकडे ओढली. ढ कागदावर बसला तेव्हा त्याचं पोट हेलकावत होतं आणि पाठीला बारीक बारीक लाटा होत्या, पण होता पेंटरचाच. कंबर बारीक होती.

मुलीने तो पडद्यावर घेतला. त्या सॉफ्टवेअरमध्ये वाकडीतिकडी कड साफ करायचं एक बटण होतं. तिने बापाकडे बघितलं, बापाने खांदे उडवले. तिने बटण दाबलं. लाटा गेल्या, ढ गुळगुळीत झाला, आणि चौघांनाही तो एकदम परका वाटायला लागला.

“छ्या,” पेंटरीणबाई म्हणाल्या. “हा कुणाचा?”

मुलीने केलेलं परत फिरवलं. लाटा पुन्हा आल्या. तिने ढ तसाच चौकटीत बसवला, सगळं जतन केलं, आणि बाहेर ओट्यावर जाऊन कंपनीला फोन लावला. मी येत नाही, असं तिने त्यांना सांगितलं. आत ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच सांगितलं.

आत पेंटर डोळे पुसत होता. त्याने मान वळवली तर समोरचा टेबलाशी वाकून बसला होता. त्याने एक कोरा कागद घेतला होता आणि ढ वरून ढ काढायचा सपाटा लावला होता. अख्खा कागद भरत आला होता.

“काय चाललंय?” पेंटरने विचारलं. “पुन्हा चोरी?”

“बघत होतो जमतोय का.” समोरच्याने कागद त्याच्याकडे सरकवला. सगळे ढ सुरेख होते, शहाण्या मुलांसारखे ओळीत बसलेले, आणि त्यातला एकही पेंटरचा नव्हता. “तुझं सगळं उचललं आजवर,” तो म्हणाला. “हा मात्र येत नाही रे.”

“येणारही नाही,” पेंटर म्हणाला, आणि डावा हात त्याने समोरच्याच्या नाकापुढे धरला. “त्याला असा हात लागतो.”